भूक मालवल्यावर

"ही तुमची वाटी," मृणाल टिपले म्हणाल्या आणि त्यांनी टेबलावर एक छोटी स्टीलची वाटी ठेवली. देवापुढे नैवेद्याला ठेवतात तेवढीच. "शस्त्रक्रियेनंतर तुमचं एका वेळचं जेवण यात मावलं पाहिजे. वरण, भाजी, पनीर, जे काही असेल ते सगळं मिळून."

शर्वरी पराते नुसती बघत राहिली. तिच्या शेजारी तिचे वडील बसले होते, मधुकर निखारे. वीज मंडळातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेला, हाडापेराने काटक म्हातारा. त्यांनी वाटी उचलली, आत बोट घालून तिची खोली पाहिली आणि परत ठेवली.

"मॅडम, हे तं मांजराचं जेवन झालं. माणसाचं सांगा."

मृणाल हसल्या नाहीत. रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ म्हणून असे वडील, अशा आया त्यांनी पुष्कळ पाहिल्या होत्या. त्यांनी समजावून सांगितलं. प्रत्येक घास तोंडातच लगदा होईपर्यंत चावायचा. जेवताना पाणी प्यायचं नाही, आधी किंवा नंतर अर्धा तास सोडून प्यायचं. प्रथिनं आधी, भात-पोळी उरलेल्या जागेत. गोड भराभर खाल्लं तर घाम फुटेल, छाती धडधडेल. जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर.

"आणि हे सगळं ऑपरेशननंतर शिकायचं नाही. आजपासून शिकायचं. पोटाची जखम महिन्याभरात भरते, सवय मुरायला वर्ष लागतं."

"आणि भूक?" शर्वरीने विचारलं.

"तिची काळजी आता तुम्हाला नाही," मृणाल म्हणाल्या.

शर्वरी नागपूर शहर बससेवेच्या नियंत्रण कक्षात काम करायची. शहरातल्या बस आता चालकाविना धावत. प्रत्येक बसमध्ये मदतीचं एक बटण असे. ते दाबलं की शर्वरीच्या कानात प्रवाशाचा आवाज येई आणि समोरच्या पडद्यावर ती बस दिसू लागे. दिवसभर खुर्चीत बसून ती वाटा सांगायची, हरवलेल्या पिशव्या शोधायची, भांडणं मिटवायची. वजन वाढत गेलं, मधुमेह जडला, गुडघे गेले. त्या वर्षी उन्हाळ्यात कार्यालयाच्या जिन्यात तिला चक्कर आली आणि तपासण्यांत कळलं की यकृत अर्ध्याहून जास्त निबर झालंय. वजन उतरवायची औषधं दोनदा देऊन पाहिली होती, ती तिच्या शरीराने सोसली नाहीत. चाळिशी नुकतीच ओलांडलेली, घरी नवरा हेमंत, आठवीतली मुलगी मिहिका. सर्जन डॉ. केळापुरे सरळ म्हणाले होते, "असंच चाललं तर मुलीची बारावी बघणं कठीण आहे."

त्यांनीच तिला कड्याबद्दल सांगितलं होतं. पूर्वी अशा शस्त्रक्रियेत पोटाचा मोठा भाग कापून टाकत आणि उरलेल्याची केळ्याएवढी नळी करत. कापलेल्या भागात भुकेचं संप्रेरक तयार होत असल्याने भूकही कमी होई. पण शरीर चिवट असतं. वर्षा-दोन वर्षांत भूक परत येई, नळी सैल पडे आणि बऱ्याच जणांचं वजन पुन्हा चढू लागे. पोटापासून मेंदूपर्यंत एक लांब मज्जातंतू जातो. पोट रिकामं आहे, भरलं आहे, हे निरोप त्याच्यावरून वर पोचतात. आता डॉक्टर पोट लहान करतानाच त्या तंतूभोवती गव्हाच्या दाण्याएवढं एक कडं बसवू लागले होते. पहिले काही आठवडे कडं नुसतं ऐकायचं. या माणसाची भूक तंतूवर कशी उमटते, दुखणं कसं, मळमळ कशी, हे ओळखायला शिकायचं. मग भुकेचा निरोप निघाला की बरोबर उलटी लहर सोडून त्याला वाटेतच मालवायचं. बाकीचे निरोप जाऊ द्यायचे.

"दुष्परिणाम?" हेमंतने विचारलं होतं. त्याचं इतवारीत चष्म्याचं दुकान होतं, प्रत्येक गोष्ट दोनदा तपासायची त्याला सवय.

"काही थोड्या रुग्णांत निरुत्साह दिसलाय. तसं काही वाटलं तर लगेच कळवायचं."

कडं बसवलेल्याला कळवावंसं तरी वाटेल का, हा प्रश्न तेव्हा कुणाच्याच मनात आला नाही.

शस्त्रक्रियेआधी काही दिवस फक्त पातळ आहार घ्यायचा होता. पोटावर यकृत पडलेलं असतं, ते आकसलं की सर्जनला जागा मिळते. पातळ आहार सुरू होण्याआधी "निरोपाचं जेवण" करू नका, असं मृणालनी बजावलं होतं. मधुकररावांनी ते ऐकलं आणि रविवारी बेसनाच्या वड्यांचा झणझणीत पाटोडी रस्सा केला.

शर्वरी बारावीत असताना तिची आई गेली. मधुकरराव दिवसभर खांबांवर चढणारे, घरी फारसं न बोलणारे. बायकोविषयी ते मुलीशी कधी चार वाक्यं बोलले नाहीत. त्याऐवजी ते स्वयंपाक शिकले. आधी खिचडी, मग भाकरी, मग सावजी मसाला स्वतः भाजून, कुटून. जे तोंडातून निघत नव्हतं ते सगळं मुलीच्या ताटात येत गेलं आणि तिनेही ते कधी नाकारलं नाही. लग्नानंतरही दर रविवारी ती गोळीबार चौकातल्या त्यांच्या दोन खोल्यांत जेवायला जायची. "अजून देऊ?" हा त्यांचा प्रश्न आणि "अजून" हे तिचं उत्तर. बापलेकीचं बोलणं एवढंच आणि दोघांनाही ते पुरायचं.

त्या दिवशी ती नाक पुसत, हाशहुश करत जेवली. मिहिका आजोबांची फिरकी घेत होती, "आबा, रस्सा आहे की तेजाब?" जेवणं झाल्यावर मधुकरराव शर्वरीजवळ येऊन बसले.

"शरू, तुले भूकच नाही लागणार म्हनते थे डॉक्टर."

"हो बाबा."

"मंग तू माह्याकडं कायले येशील?"

"काहीतरीच काय बोलता. मी काय फक्त खायला येते का?"

"मले काय माहीत बाप्पा," ते म्हणाले आणि भांडी उचलायला उठले.

शस्त्रक्रिया नीट झाली. पहिल्या दिवशी पाण्याचे घोट, मग भाताची पेज आणि वरणाचं पाणी, मग कुस्करलेलं, मग मऊ. मृणालनी शिकवल्याप्रमाणे शर्वरी घड्याळ लावून जेवायची. गजर झाला की वाटी घ्यायची, चावायची, वाटी ठेवायची. भूक कमी झाली नव्हती, ती नव्हतीच. लग्नाच्या जेवणावळीत ती इतरांशी गप्पा मारत उभी राही आणि समोरून जिलब्यांची परात जाई, जशी रस्त्यावरून एखादी गाडी जाते.

वजन झरझर उतरलं. इन्सुलिन सुटलं. यकृताच्या तपासण्या सुधारल्या. ती जिने न थांबता चढू लागली. हेमंत ओळखीच्यांना तिचे जुने-नवे फोटो दाखवू लागला. मधुकरराव एकटेच बसने रुग्णालयात गेले, मृणालसमोर बसून या वाटीत मावेल असं काय काय करता येतं ते विचारून आले आणि मुगाचं कढण, दह्यात मुरवलेलं पनीर, मऊ अंडं असे पदार्थ करून आणू लागले. मसाला चिमूटभर. शर्वरी खायची.

"कसं झालं?"

"छान झालंय बाबा."

ते खरंच होतं. चव तिला कळत होती, आवडतही होती. पण "अजून" हा शब्द तिच्या तोंडून पुन्हा कधी आला नाही आणि मधुकररावांनीही तो प्रश्न विचारणं सोडलं.

रविवारी जाणं कधी बंद झालं हे सांगता आलं नसतं. ती रागावली नव्हती, थकलीही नव्हती. रविवार उजाडायचा, ती कपडे वाळत घालायची, खिडकीशी बसायची आणि दुपार होऊन जायची. हेमंत म्हणाला, "बाबांकडे जायचं ना?" तर ती लगेच निघायची. तो म्हणाला नाही तर तिच्या मनात यायचं नाही. तिने आपणहून हेमंतच्या खांद्यावर डोकं टेकलं त्यालाही बरेच दिवस झाले होते. हेमंतला वाटायचं, मोठी शस्त्रक्रिया आहे, वेळ लागतो.

सगळ्यात आधी मिहिकाच्या लक्षात आलं. तिच्या शाळेचा खो-खोचा अंतिम सामना होता. शर्वरीला दिवस माहीत होता, तिने रजाही घेतली होती. मिहिका हरून, गुडघे सोलून घरी आली तेव्हा आई खिडकीशी बसली होती.

"विसरलीस?"

"नाही."

"बरं नव्हतं?"

"बरी आहे मी."

"मग आली का नाहीस?"

शर्वरीने खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही. खोटं बोलायलाही काहीतरी वाचवावंसं वाटावं लागतं. "उठावंसं वाटलं नाही," ती म्हणाली.

"माझ्यासाठी पण नाही?"

"कशासाठीच नाही वाटत गं."

मिहिकाने बूट काढले, हातात घेतले आणि आपल्या खोलीत गेली.

पुढच्या मे महिन्यात उष्णतेची मोठी लाट आली. मधुकरराव बाजारातून येताना रस्त्यात पडले आणि त्यांचं आधीच कमजोर झालेलं हृदय त्यातून सावरलं नाही. शर्वरीने सगळं चोख केलं. रुग्णालयात खाट मिळवली, विम्याचं पाहिलं, डॉक्टरांना नेमके प्रश्न विचारले. नर्ससुद्धा म्हणाल्या, अशी मुलगी हवी. एका संध्याकाळी मधुकररावांना जरा बरं वाटलं. त्यांनी डोळे उघडले.

"शरू, थांबशील का आज?"

तिने विचार केला. हेमंत नुकताच दुकानातून आला होता, तो थांबणार होता. यंत्रं होती, नर्स होत्या. ती थांबल्याने कशातच फरक पडणार नव्हता.

"हेमंत आहे ना बाबा. मी सकाळी येते."

"बरं," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "जेवून घेजो."

ती सकाळी पोचली तेव्हा ते गेले होते. अंत्यविधी, दहावा, तेरावा, तिने सगळं नीट पार पाडलं. आल्यागेल्यांना पाणी दिलं. नातेवाईक म्हणाले, केवढी खंबीर आहे पोरगी. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं आणि ते आवरून धरलेलंही नव्हतं. मिहिका कोपऱ्यात बसून रडत होती आणि रडतारडता आईकडे बघत होती.

त्यानंतर काही महिने वाट पाहून हेमंत तिला डॉ. केळापुऱ्यांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी तिच्या मेंदूच्या चाचण्या केल्या, तिला बरेच प्रश्न विचारले आणि मग खुर्ची पुढे ओढली.

"आवडणं आणि हवंसं वाटणं या मेंदूत दोन वेगळ्या गोष्टी आहेत," ते म्हणाले. "तुमचं आवडणं शाबूत आहे. समोर आलं तर तुम्हाला चव कळते, गाणं कळतं, माणूस आवडतं. पण हवंसं वाटण्याचं केंद्र वेगळं आणि ते सगळ्यासाठी एकच आहे. जेवण असो, काम असो, मूल असो. आमची समजूत होती की कडं फक्त भुकेला गप्प करतं. आता दिसतंय की दिवसातून कितीदा तरी येणारी भुकेची हाकच त्या केंद्राला जागं ठेवत असते. बहुतेकांत ते दुसऱ्या हाकांवरही जागं राहतं. तुमच्यासारख्या थोड्यांत ते पेंगायला लागतं."

"म्हणून ती रडली नाही?" हेमंतने विचारलं.

"दुःख म्हणजे तरी काय? गेलेलं माणूस हवंसं वाटणं."

"मग काढा ते कडं."

"काढायची गरज नाही, बंद करता येतं. पण भूक परत येईल, वजन येईल, आणि यांच्या यकृतात फारशी सवलत उरलेली नाही. शिवाय निर्णय यांनी घ्यायचा असतो. शर्वरीताई, तुम्हाला काय हवंय?"

शर्वरी म्हणाली, "मला बंद करायचं नाही. चालू ठेवायचं असंही नाही. मला काहीच हवं नाहीये, डॉक्टर."

"बघा!" हेमंतचा आवाज चढला. "जिला काही हवंसंच वाटत नाही तिला काय हवं ते विचारताय तुम्ही! हा काय न्याय झाला?"

शर्वरी आपल्या हातांकडे बघत होती. तिचा विचार शाबूत होता, एखाद्या परक्याची अडचण सोडवावी तसा तो चालला होता.

"मला भूक नसते, तरी मी गजर झाला की जेवते," ती म्हणाली. "जगायला ते लागतं हे माहीत असतं म्हणून. मिहिकाला आई लागते हेही मला माहीत आहे. वाटत नाही, पण माहीत आहे. बंद करा."

आधी भूक आली. दहा-बारा दिवसांत ती अशी आली की शर्वरीला आपल्या जुन्या भुकेची त्यापुढे कीव यावी. पोट मात्र वाटीएवढंच होतं. वाटी संपली तरी हात थांबायचा नाही, मग छातीत कळ यायची, उलटी व्हायची. बाथरूमच्या फरशीवर भिंतीला टेकून बसली असतानाही तिला पोळीच दिसत असे.

मग एक दिवस कामावर असताना मदतीचं बटण वाजलं. पडद्यावर जवळजवळ रिकामी बस होती, दाराजवळ एक म्हातारा दांडा धरून उभा होता.

"मॅडम, गोळीबार चौक आला का वो? मले दिसत नाही बरोबर."

"पुढचाच स्टॉप, काका. मी गाडी जास्त वेळ थांबवते. सावकाश उतरा, घाई नाही."

म्हातारा उतरला. पायरीखाली पाय नीट टेकल्याची त्याने खात्री केली. मग वळून त्याने चालकाच्या रिकाम्या जागेकडे पाहून हात जोडले आणि चालू लागला. बस निघाली. शर्वरी मागच्या कॅमेऱ्यातून त्याची लहान होत जाणारी पाठ बघत राहिली. तिला उठून त्याच्यामागे धावावंसं वाटलं. आणि ते वाटणं या म्हाताऱ्याबद्दलचं नाही, हे कळताच तिच्या तोंडून असा आवाज निघाला की शेजारच्या टेबलावरची मुलगी खुर्ची पाडून धावत आली.

"बाबा गेले," शर्वरी म्हणत होती. "माझे बाबा गेले."

"कधी, मॅडम? आत्ता फोन आला का?"

घरीही तसंच झालं. तिच्यासाठी वडील त्या दिवशी गेले होते, इतरांसाठी ते मे महिन्यात गेले होते आणि आता दसरा होऊन गेला होता. हेमंतने तिला जवळ घेतलं, थोपटलं, पण त्याचं रडणं कधीच रडून झालं होतं. तिने मावशीला फोन केला, मावशी म्हणाली, "आता सावर बाई, किती महिने झाले." ती एकटीच मागे राहिली होती, सगळी पंगत उठून गेल्यावर ताटावर बसावं तशी.

मिहिका दारात उभी होती.

"आता?" ती म्हणाली. "आता रडतेस?"

"मिहू..."

"आबा त्या रात्री तुलाच विचारत होते. शरू आली का, शरू आली का, सारखं तेच. पप्पा आत्याला सांगत होता, मी ऐकलं. तू घरी झोपली होतीस."

शर्वरीने हेमंतकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

"खरं आहे?"

"तुला सांगून काय झालं असतं गं तेव्हा," तो म्हणाला.

पुढचे आठवडे कठीण होते आणि भरलेलेही. शर्वरीला सगळंच हवं होतं. वडील हवे होते, ते मिळणार नव्हते. ती त्यांच्या बंद खोल्यांत जाऊन बसायची. मिहिका हवी होती, आणि मिहिका दार लावून घ्यायची. शर्वरी दाराबाहेर जमिनीवर बसून तिच्याशी बोलायची, उत्तर आलं नाही तरी. मैदानावर रोज जायची, लांब उभी राहायची. एकदा सरावात मिहिकाचा पाय मुरगळला आणि तिने नकळत "आई" म्हणून हाक मारली. शर्वरी मैदान ओलांडून धावली. त्या दिवसापासून दार उघडं राहू लागलं. एका दुपारी मिहिका स्वतःच आबांच्या गोष्टी सांगू लागली, खांबावर चढून पतंग काढून दिल्याची, चोरून तिला कुल्फी दिल्याची. शर्वरीला यातलं काही माहीत नव्हतं. दोघी हसल्या, मग रडल्या. या वेळी दोघी एकाच वेळी.

पण भूक थांबत नव्हती. पोटाची नळी सैलावत होती. शर्वरी कामाच्या टेबलात बिस्किटं लपवू लागली. मृणालकडे जाऊन ती सगळं पुन्हा शिकली, चावणं, थांबणं, चमचा खाली ठेवणं. ते काही दिवस टिके, मग भूक त्याच्यावरून चालून जाई. साखर चढली, पायांवर सूज आली. डॉ. केळापुऱ्यांनी कडं कमी जोराने चालवून पाहिलं. पण तिच्या बाबतीत मधली जागाच नव्हती. भूक मालवली की बाकी सगळंही मालवायचं, भूक पेटली की सगळं पेटायचं.

"डोळ्यांत पिवळेपणा दिसतोय," डॉक्टर शेवटी म्हणाले. "संशोधन चालू आहे, कदाचित काही वर्षांत यावर तोड निघेल. पण तोवर तुम्ही असायला हव्यात. कडं पूर्ण चालू करावं लागेल."

हेमंतने या वेळी वाद घातला नाही. तारीख ठरली. शर्वरीने मिहिकाला गच्चीवर नेलं. ऊन कलत होतं, समोरच्या इमारतींच्या सौरपाट्या सावकाश मान वळवत होत्या.

"नको करूस," मिहिका म्हणाली.

"नाही केलं तर मी फार दिवस नाही राहणार, मिहू."

"आणि केलं तर राहशील? मागच्या वेळी होतीस का तू?"

शर्वरी तिच्याकडे वळली. "मागच्या वेळी मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "जेवणाची तयारी सगळ्यांनी करून घेतली माझ्याकडून. याची कुणी करून घेतली नाही. आता मी तयारी करतेय. तू शाळेतून आलीस की मी तुझ्याजवळ येऊन बसेन. वाटो, न वाटो. तुझ्या सामन्यांना येईन. पप्पा कुठे बाहेरगावी गेला तर त्याला फोन करेन. आजपासूनच सवय करते, म्हणजे नंतर हातून सुटणार नाही."

"पण तुला वाटणार नाही."

"नाही."

"मग ते खोटं झालं ना?"

"असेल," शर्वरी म्हणाली. "माझ्याकडे तेवढंच असेल तेव्हा. तुला नको असेल तर सांग, मी बसणार नाही. पण आत्ता, हे बोलताना, मला तू किती हवी आहेस ते बघून ठेव. हे खोटं नाहीये."

मिहिकाने तिच्या दंडाला डोकं टेकलं आणि बराच वेळ काढलं नाही. खालून पोह्यांच्या फोडणीचा वास आला. शर्वरीच्या पोटात कळ उठली, तोंडाला पाणी सुटलं. तिने डोळे मिटून ते सहन केलं.

कडं चालू करायला काहीच लागलं नाही. डॉक्टरांनी तिच्या पोटाजवळ एक चकती धरली, यंत्र बारीकसं वाजलं. घरी परतताना ती हेमंतचा हात घट्ट धरून होती. आठवडाभर ती वडिलांसाठी थोडं थोडं रडत राहिली. मग एक दिवस रडली नाही, आणि आपण रडलो नाही हे तिच्या संध्याकाळपर्यंत लक्षात आलं नाही.

हिवाळा संपला. साखर उतरली, डोळे निवळले. शर्वरी खिडकीशी बसलेली असे.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी मिहिका शाळेतून आली, दप्तर टाकून खोलीत जाऊन पलंगावर आडवी झाली. तिचं कुणाशी तरी भांडण झालं होतं, चेहरा सुजला होता. शर्वरीने खिडकीतून तिला फाटकातून येताना पाहिलं होतं. तिच्या आत काही हललं नाही. खुर्ची आरामाची होती, ऊन कोवळं होतं, उठण्यासारखं काहीच नव्हतं. ती उठली. पाय जड होते, आजारपणाने नव्हे, कुठे जायचंच नसल्यावर होतात तसे. ती खोलीच्या दारापर्यंत गेली.

मिहिकाने मान वळवून पाहिलं. आईच्या चेहऱ्यावर तिने काही शोधलं, ते तिथे नव्हतं.

"वेळ झाली म्हणून आलीस ना?"

"हो," शर्वरी म्हणाली.

मिहिका भिंतीकडे सरकली आणि पलंगावर आईपुरती जागा केली.